भावकीच्या सतरंजीवर

भोकरदनच्या बसस्टँडवर राजनंदिनी रिकाम्या बाकड्यांना भाषण देत होती. कॉलेजच्या चर्चासत्राची तयारी!

"गांबियात निवडणूक हरलेला राष्ट्राध्यक्ष खुर्ची सोडेना. तेव्हा कोण धावून आलं? शेजारी! पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेनं सैन्य धाडलं आणि गडी मुकाट्यानं देश सोडून गेला. आमच्या हसनाबादला शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून डोकी फुटायची वेळ आली, की पोलिसांच्या आधी भावकी बसते. तसंच हे!"

"आणि भावकीच एका बाजूची असली तर?"

ती दचकून वळली. खांबाआड, काळा कोट हातावर टाकलेला एक तरुण वकील हसत होता. आगाऊ मेला... डोळे मात्र फारच छान!

"चोरून ऐकता?"

"चोरून कशाला? तुमचा आवाज तहसीलपर्यंत जातोय."

अवधूत त्याचं नाव, जालन्याहून इथल्या कोर्टात ये-जा करायचा. त्या दिवशी तिची बस चुकली. मग रोजच दोघांची चुकू लागली. तो मुद्दे खोडायचा, ती भांडायची, आणि दुसरा चहा कुणी मागवला ते कळायचंच नाही.

एके दिवशी मात्र तिनं चहा तसाच निवू दिला. पश्चिम आफ्रिकेतल्या त्याच संघटनेच्या अभ्यासासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली होती... दोन वर्षं, नायजेरियात, अबुजाला. आणि थोरले काका देवानंद यांनी रविवारी भावकी बोलावली होती. पोरीनं एकटीनं जायचं की नाही, ते म्हणे भावकी ठरवणार!

"मी येऊ?" अवधूतनं विचारलं.

"परक्याला तिथं बोलता येत नाही."

"बसता तर येतं ना?"

तिनं बैठकीची वेळ तेवढी सांगितली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

रविवारी तिनं रीतीप्रमाणे सगळ्यांना चहा दिला. रीतीप्रमाणे आता आत जायचं. ती गेली नाही. ट्रे खाली ठेवून पुरुषांच्या सतरंजीवर मधोमध मांडी घालून बसली.

"नंदे, आत जा!" काका गुरकावले.

"निवाडा माझा हाय ना? मंग मी इथंच बसणार."

भावकीत ज्याचं गाऱ्हाणं, त्याच्या बाजूचे त्याच्याजवळ सरकून बसतात. तिच्याजवळ कुणीच सरकलं नाही. वडील रामकिसन मान खाली घालून बसले होते. तिची पाठ मात्र ताठच राहिली.

तेवढ्यात दाराशी, चपलांजवळ बसलेला अवधूत उठला. सगळ्यांदेखत चालत आला आणि तिच्या शेजारी बसला.

"हे कोण? हिचे लागता कोण तुम्ही?" काका कडाडले.

अवधूतनं तोंड उघडलं... आणि कोर्टात फाडफाड बोलणाऱ्या त्या माणसाला शब्दच सुचेना.

"मी सांगते," राजनंदिनी म्हणाली. "माझं प्रेम हाय यांच्यावर. लगीन करीन तर यांच्याशीच. आन् तरी मी जाणार! भावकी धावून यायला असती काका, कोंडून घालायला न्हाई."

मग रामकिसन गुडघ्यावर हात टेकत उठले आणि अवधूतपुढे येऊन उभे राहिले.

"दोन वर्षं ती तिकडं. तुम्ही काय करणार?"

"वाट पाहणार," अवधूत म्हणाला.

रामकिसननी भावाकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"मंग जावईबापू, जरा सरका. लेकीजवळ मला बी बसायचं हाय."