बारावी फुली

ज्यांना मध्यरात्रीची, पडक्या बंगल्याची गोष्ट हवी आहे त्यांनी इथेच थांबावं.

ही भर दुपारची गोष्ट आहे. माझ्या मामांच्या बाबतीत घडलेली. त्यात मी पदरचा एक शब्द घातलेला नाही, घालायची हौसही नाही. खरं सांगायचं तर मला नुसता वैताग आलाय. पण उद्या सकाळी साडेसहाच्या आत एका गोष्टीचा निकाल लागायला हवा, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षीची गोष्ट. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायला सोळा दिवस उरले होते.

मामा सुतार आहेत. दारं, खिडक्या, कपाटं करतात. स्वभाव तिरसट, पण कान असा की लाकडावर हातोडी टेकवली की त्याच्या पोटात काय आहे ते सांगणार. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मामांना तेवढं पुरतं.

त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची, फायबरची जुनी होडी होती. तुम्ही म्हणाल, फायबर कुठे कुजतं? फायबर नाही कुजत. पण अशा होडीच्या मागच्या भिंतीत, जिच्यावर इंजिन टांगतात, फायबरच्या दोन थरांमध्ये जाड प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि ते आतल्या आत भिजत राहतं. वरून सगळं गुळगुळीत, रंगवलेलं. आत भुसा.

दादांचे कान इंजिनाच्या घरघरीने केव्हाच गेले होते. म्हणून त्यांनी त्या भिंतीवर आतून खडूने बारा फुल्या मारून ठेवल्या होत्या. दर हंगामाला मामांनी यायचं, बाराही ठिकाणी ठोकायचं आणि दादांकडे बघून मान डोलवायची. मान डोलली की दादा निघाले.

तीन वर्षांपूर्वी मामांनी मान डोलवली.

दादा गेले. भर समुद्रात मागची भिंत फाटली आणि इंजिन तिच्या तुकड्यासकट तळाला गेलं. होडी तळात भरलेल्या फोममुळे बुडाली नाही. पाण्याने भरून तरंगत सापडली. दादा तिसऱ्या दिवशी सापडले.

ओढून आणलेली होडी थोरल्या मामींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. दोन वर्षं तिच्याकडे कुणी फिरकलं नाही.

मग दादांचा मुलगा हट्टाला पेटला. पंचवीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा, म्हणून आम्ही त्याला लंबू म्हणतो. बर्फाच्या कारखान्यातली नोकरी सोडून मोकळा झाला आणि म्हणाला, "काका, बाबांची होडी मी चालवणार. तुम्ही दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्याकडे देतो."

"दुसऱ्याकडे?" मामा खवळले. "माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तू तिच्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस!"

कामाला लागले. बाहेरचं भगदाड भरलं. आतला फायबर ग्राइंडरने कापला. पटाशी लावली तर प्लायवूड चिखलासारखं हातात आलं. सहा बादल्या निघाल्या. फायबरची कुसळं मानेत, बगलेत, कुठे कुठे. मामा खाजवत आणि शिव्या घालत काम करत होते. नवं प्लायवूड, दोन थर, मध्ये चिकटवायला रेझिन, वर फायबरची मॅट. दोन दिवस सुकू दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मामांनी हातोडी घेतली. फुल्या तर जुन्या भिंतीबरोबर गेल्या होत्या, पण जागा पाठ होत्या.

एक. खणखणीत. दोन. खणखणीत. अकरापर्यंत तसंच.

बारावी जागा अवघड होती. डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बॅटरीच्या फळीआड. तिथे ठोकायचं तर पोटावर पालथं पडावं लागतं. मामा पडले.

आणि...

बद्द.

नवंकोरं लाकूड. स्वतःच्या हातांनी घातलेलं. तीन दिवसांत कुजेल कसं?

मामांनी तेवढा भाग कापून काढला. आतलं प्लायवूड हाडासारखं कोरडं. ठोकलं, खणखणीत! परत बुजवलं, सुकवलं, पुन्हा पालथे पडले.

बद्द.

मामा रेझिन घट्ट करायच्या हार्डनरचा डबा घेऊन दुकानात गेले आणि दुकानदाराशी भांडले. दुकानदार म्हणाला, "शंभर लोक हाच माल नेतात. नाचता येईना, अंगण वाकडं!" मामांच्या मस्तकात तिडीक गेली. नवा डबा आणला. तिसऱ्यांदा उघडलं. कोरडं. तिसऱ्यांदा बंद केलं.

बद्द.

सात दिवस उरले. लंबू रोज येऊन कपाळाला आठ्या घालून उभा. "काका, एका कोपऱ्यासाठी किती दिवस? तेवढं सोडून द्या ना."

मामांनी हातातला लाकडी हातोडा फेकला. तो पत्र्याला जाऊन लागला. "सोडून द्या? तुझ्या बापाला..." 

त्या दुपारी मामा शेडच्या दाराशी जेवणाचा डबा उघडून बसले होते. होडीकडे पाठ. बाहेर लख्ख ऊन. लंबू गेलेला, मामी घरात.

मागून आवाज आला...

टक्.

मामांना वाटलं, पत्रा तापला.

टक्.

सावकाश, एकेक जागा ऐकत ठोकावं तसं.

टक्.

मामांचा घास हातातच राहिला. ते मोजत होते. मोजायचं नव्हतं, तरी मोजत होते. सात. आठ. नऊ. दहा. अकरा.

मग...

काहीच नाही.

मामा म्हणतात, त्या अकरा ठोक्यांना मी एवढा घाबरलो नाही. घाबरलो ते त्यानंतरच्या शांततेला. कारण ती शांतता माझीच होती.

उठून पाहिलं. होडीत कुणी नव्हतं. हातोडी पेटीत, पेटीला कडी. आणि बॅटरीच्या फळीआड, राखाडी फायबरवर...

खडूची फुली होती.

एकच. बाकी अकरा जागा कोऱ्या.

शेडमध्ये खडू नव्हता. मामा पेन्सिल वापरतात.

मामा तसेच घरात गेले. मामी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी," मामा म्हणाले, "मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी अकराच ठोकल्या."

मामींचा हात थांबला.

"मला एका घरी कपाट पोचवायचं होतं. अंगावर नवा शर्ट होता. पालथं पडलो असतो तर मळला असता. अकरा चांगल्या, म्हणजे बारावी चांगलीच असणार, असं म्हणून मी मान डोलवली. फाटलं ते तिथूनच फाटलं, वहिनी. शर्टासाठी मी दादाला..."

मामा लहान मुलासारखे रडले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मामी बराच वेळ ताटातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जाताना ते मला म्हणाले होते, धाकट्याने ठोकून पाहिलंय, आता डोळे मिटून जातो."

मामांनी मान खाली घातली.

"आणि दुपारी शेडमधून ठोकल्याचा आवाज येतो ना, तो मी दोन वर्षं ऐकतेय. मला वाटायचं, तुम्ही येता. मन खातं म्हणून गुपचूप येऊन ठोकत बसता. म्हणून मी कधी बघायला आले नाही."

"मी नव्हतो, वहिनी. मी या शेडकडे फिरकलोच नाही."

"हो," मामी म्हणाल्या. "आता कळलं."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. अजूनही म्हणालेल्या नाहीत. पण उठल्या आणि मामांच्या मागोमाग शेडमध्ये आल्या.

मामांनी हातोडी घेतली. अकरा जागा ठोकल्या. सगळ्या खणखणीत. बारावीसाठी पालथे पडले, हात पुढे केला, आणि हातोडी टेकायच्या आत...

टक्.

आतून. खणखणीत.

मामींनीही ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

लंबू ठरल्या दिवशी समुद्रावर गेला आणि संध्याकाळी हसत परत आला. तेव्हापासून एक रीतच पडली. तो निघायच्या आदल्या दुपारी मामा येणार, अकरा ठोकणार, पालथे पडणार आणि हातोडी बाजूला ठेवणार. बारावा ठोका आपोआप पडणार. मग मामा मान डोलवणार.

मी हे ऐकून हसले होते. म्हटलं, मामा, वय झालं. तर मला घेऊन गेले. मी त्या होडीत मामांशेजारी पालथी पडले, तळहात फायबरला लावून. ठोका माझ्या हाताला लागला. घरी येऊन मी तो हात तीनदा धुतला, का ते विचारू नका.

वर्षभर एकदाही चुकलं नाही.

गेल्या आठवड्यात हंगाम पुन्हा उघडला. मामांनी अकरा ठोकल्या. पालथे पडले. हातोडी बाजूला ठेवली.

मामा थांबले...

अर्धा तास थांबले.

बारावा ठोका पडला नाही.

मामांनी मग स्वतः ठोकून पाहिलं. खणखणीत! तेवढा भाग उघडला. कोरडा. होडी बांधणाऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने बोल्ट, तळ, इंजिन, सगळं तपासलं. म्हणाला, "एवढी मजबूत होडी मी या वर्षी पाहिली नाही. काय शोधताय काय तुम्ही?"

मामांनी मान डोलवली नाही.

आज आठ दिवस झाले. होडी शेडमध्ये. बाकी सगळ्या होड्या समुद्रावर. काल लंबूचा बांध फुटला.

"आवाज यायचा तेव्हा घाबरत होतात. आता येत नाही म्हणून घाबरताय! मी करू तरी काय, काका?"

"थांब," मामा म्हणाले.

"किती दिवस?"

 मामा मामींकडे वळले. मामी म्हणाल्या, "कदाचित ते सुटले असतील. तुम्ही खरं बोललात, पोरगं मार्गाला लागलं, वर्षभर राखण केली. आता गेले असतील."

"आणि तसं नसेल तर?" मामांनी विचारलं. "दादा नको म्हणत असेल तर?"

 मामींचा नवरा त्या होडीतून गेलाय. आता पोरगा जायचाय. त्यांनी काय सांगावं?

सुटका म्हणायची की इशारा, कुणालाच कळत नाही. लंबूने इंधन भरून ठेवलंय. उद्या सकाळी साडेसहाला निघणार म्हणतो, मान डोलो न डोलो. आईचंही ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

मी दुपारी शेडमध्ये जाऊन आले. मामा होडीत पालथे पडलेत, गाल फायबरला लावून. अंगावर तोच तीन वर्षांपूर्वीचा शर्ट. मळून काळा झालाय.

अकरा ठोकतात. हातोडी बाजूला ठेवतात. थांबतात. मग पुन्हा पहिल्यापासून.

"मामा, जेवून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.  बराच वेळ आम्ही दोघं ऐकत होतो.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. अजून काही आलेलं नाही.