आठव्या दिवशीचं गीझर

डोक्याला शांपूचा फेस, त्यावर कसाबसा गुंडाळलेला पंचा. अशा अवतारात उमा जिन्यात उभी होती आणि वरच्या नानासाहेबांचा पंखा दुरुस्त करून उतरणारा तरुण तिच्याकडे न बघायची शिकस्त करत होता.

“तुम्ही इलेक्ट्रिशियन ना? गीझर लावलं की एमसीबीचा खटका पडतोय. आत्ता बघा.”

“आत्ता छावणीत अर्जंट काम हाय, उद्या येतो,” तो म्हणाला. “तुम्ही आधी डोस्कं धुऊन घ्या... डोळ्यात जाईल.”

“गार पाण्यानं? जानेवारीत?”

तो हसला. हसला की त्याचा डावा गाल जरा आत जायचा. डोळे चुरचुरत असतानाही उमानं ते नेमकं पाहिलं, आता काय म्हणावं या मुलीला.

त्याचं नाव बद्रीनाथ, मूळचा दौलताबादचा; शहरातल्या छावणी भागात त्याचं छोटं दुकान. दुसऱ्या दिवशी तो आला, तर गीझर शहाण्या मुलासारखं चाललं. चार दिवसांनी आला, तेव्हाही तेच. बाथरूमबाहेरच्या भिंतीवरची गीझरच्या स्विचची पेटी त्यानं उघडली. आत कोरडं ठणठणीत, फक्त एका कडेला पांढरट क्षाराची रेघ.

“मोठा एमसीबी टाकून दे बाबा, म्हणजे पडायचाच नाही,” उमाची आई म्हणाली.

“पडायचा नाय काकू, पण वायर जळंल. तो पडतोय म्हणून तुमाला कळतंय तरी.”

त्या दिवशी तिघांचा चहा झाला. मग तो मीटर लावून बघायच्या निमित्तानं आणखी एकदा आला, तेव्हा उमानं बँकेतून अर्धा तास आधी निघून घर गाठलं होतं. चहा ओतता ओतता तिच्या एकदम लक्षात आलं.

“एमसीबी फक्त नळाला पाणी येतं त्या दिवशी पडतो.”

शहरात पाणी आठव्या दिवशी. बद्रीनाथनं कप खाली ठेवला. “मग पुढच्या पाण्याला मला फोन करा. लई हुशार हाय तुम्ही.”

उमाला बँकेत बढती मिळाली होती तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

पाणी आलं तसा तिनं फोन लावला. तो सरळ गच्चीवर गेला, पाठोपाठ उमा. टाकीचं झाकण उघडून तो बघतच राहिला. पाणी थांबवणारा बॉलकॉक कुणीतरी परकराच्या नाडीनं बांधून ठेवला होता.

“मीच बांधते,” आई जिन्यातून ओरडली. “तो मेला दोन बादल्या आधीच पाणी बंद करतो. वरून सांडतं त्याला पिंप लावलंय की खाली.”

पिंपापर्यंत जाता जाता पाणी भिंतीवरून ओघळत होतं आणि थेट गीझरच्या पेटीत शिरत होतं. दुसऱ्या दिवशी उन्हानं सगळं वाळायचं. त्यानं नाडी सोडली, पेटी पुसून वाळवली, वरून पत्र्याची पट्टी ठोकली. मग ओली नाडी उमाच्या हातात ठेवली. बोटांना बोटं लागली. दोघांपैकी कुणालाच हात काढून घ्यायची घाई नव्हती.

“पुण्यातली एक कंपनी बोलावतीय,” तो खाली बघत म्हणाला. “पुढच्या रविवारपर्यंत सांगायचंय. आता तुमचं गीझर पण सुधरलं... इथं माझं अडलंय तरी काय?”

उमाच्या ओठांवर उत्तर होतं. पण ती म्हणाली, “चहा घेणार?”

त्या चहाबद्दल तिनं आठवडाभर स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी सकाळी पाणी आलं. तिनं केसांना शांपू लावला, गीझर चालू केलं आणि एमसीबीकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं... एमसीबी पडला नाही. तिला रडूच आलं. फेसाळल्या हातानं तिनं फोन लावला.

“पाणी आलंय.”

“पडला का?”

“नाही.”

“मग?”

“पुण्याला कळवलंत?”

“नाय अजून. फोन हातातच हाय.”

“जाऊ नका, बद्रीनाथ. तुम्ही मला इथं हवे आहात... गीझरसाठी नाही.”

तिच्या कानामागून फेस ओघळून मानेवर आला.

“डोक्याला शांपू हाय का आत्ता?” त्यानं हळूच विचारलं.

“आहे.”

“मग निवांत धुऊन घ्या, गरम पाण्यानं. मी येतोय... आणि आता कुठं जात नाय.”