गाइड हवा की एकटंच जायचं?

लडाखमध्ये अघम गावाच्या पुढे, श्योक नदीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याला एक नाला आडवा येतो. सकाळी त्यात घोट्याएवढं पाणी असतं. दुपारी वरचा बर्फ वितळू लागला की तेच पाणी मांडीपर्यंत चढतं. निल्झा तिथे पोचली तेव्हा अडीच वाजले होते. तिच्यामागे सात मोटरसायकली होत्या. त्यांवरच्या एका प्रवाशाचं सकाळपासून डोकं दुखत होतं, म्हणून हा सगळा उशीर.

तिने हेल्मेट आरशाला अडकवलं आणि बुटांसकट पाण्यात पाय घातला. आधी स्वतः पायाने तळ चाचपायचा आणि मगच गाड्या सोडायच्या, हा तिचा सहा वर्षांचा नियम होता.

"डावीकडून काढा!" पलीकडून आवाज आला.

पलीकडच्या दगडावर एक माणूस बसला होता. शेजारी त्याची बुलेट, हँडलवर वाळत घातलेले मोजे.

"डावीकडे दगड आहेत," निल्झा ओरडली. "उजवीकडून जातात."

"परवापर्यंत जात होते. आता उजवीकडे खड्डा आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी आत्ताच त्यात पडलो."

तिने नीट पाहिलं. तो छातीपर्यंत भिजलेला होता. तिला हसू आलं, पण मागे सात माणसं उभी होती आणि ग्रुपच्या गाइडने नाल्यात उभं राहून हसायचं नसतं. ती मुकाट्याने डावीकडे वळली.

सातही गाड्या पार व्हायला पाऊण तास लागला. तो न सांगता पाण्यात उतरला आणि प्रत्येक गाडीला मागून खांदा देत राहिला. शेवटची गाडी काठाला लागली तेव्हा वरून बारीक, मिठासारखा बर्फ पडायला लागला होता. निल्झाच्या पापणीवर एक कण अडकला. तो माणूस तिकडे बघत होता... मग त्याने नजर वळवली आणि ओले मोजे पिळायला घेतले.

"तुमचा ग्रुप कुठे आहे?" तिने विचारलं.

"ग्रुप नाही. मी नुर्बू. लेहमध्ये, चांगस्पाला गाड्या भाड्याने देतो."

"अच्छा — ते तुम्ही! माणसांच्या हातात किल्ली आणि कागदावर काढलेला रस्ता देऊन मोकळे होणारे!"

"आणि तुम्ही माणसांना रांगेत चालवणाऱ्या. मध्ये कुणी फोटोला थांबलं तर शिट्टी मारता, असं ऐकलंय."

"दोनदा मारते. तिसऱ्यांदा जेवण मिळत नाही."

तो मोठ्याने हसला. मग त्याने खिशातून भिजलेला कागद काढला, त्यावर नाल्याच्या डाव्या बाजूला एक खूण केली आणि कागद पुन्हा जपून आत ठेवला. दर दहा दिवसांनी तो स्वतः येऊन सगळे नाले बघून जात असे, हे निल्झाला पुढे कळलं. त्या दिवशी तिला एवढंच वाटलं की हा माणूस थोडा विचित्र आहे. वाईट नाही... पण विचित्र.

लेहला परतल्यावर ती त्याच्या दुकानात गेली, ती फक्त चांग-ला खिंडीचा रस्ता खचलाय हे सांगायला. पुढच्या आठवड्यात खारदुंगला पेट्रोल नाही हे सांगायला. त्याच्या पुढच्या आठवड्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ती गेली. तो ती बातमी दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा आणि खाली, नावाला आदराचं 'ले' लावून, लिहायचा — 'निल्झा-लेंकडून'.

"माझं नाव कशाला लिहिता?"

"लोक विश्वास ठेवतात. माझ्या नावावर नाही ठेवत."

निल्झाचे मामा, ज्यांच्या टूर कंपनीत ती गाइड होती, त्यांना हे फळ्यावरचं नाव अजिबात आवडलं नाही. "आपला रस्ता आपण शोधायचा आणि त्या पोराच्या फळ्यावर लिहून द्यायचा? कुणाच्या बाजूची आहेस गं तू?"

"रस्त्याच्या, आझांग-ले," ती मामांना म्हणाली आणि तिने लोणी घातलेल्या खारट गुरगुर चहाचा पेला तोंडाला लावला, म्हणजे आणखी काही बोलायला नको.

जुलैच्या मध्यावर एलिकुट्टी अम्मा आली. केरळात, कोट्टायमच्या एका इस्पितळात एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. निवृत्त झाली आणि तिसऱ्या दिवशी मोटरसायकल घेतली. वय अठ्ठावन्न. घरच्यांनी तिला गाइडशिवाय कुठे जाणार नाही अशी शपथ घालायचा प्रयत्न केला होता आणि तिने 'बघू' म्हटलं होतं. ती गाडी भाड्याने घ्यायला नुर्बूच्या दुकानात आली तेव्हा निल्झा काहीतरी सांगायला तिथे आलेलीच होती.

"वारी-ला खिंडीतून नुब्रा खोऱ्यात उतरायचं आणि तिसऱ्या दिवशी खारदुंगवरून परत," अम्मा म्हणाली. "गाइड घेऊ की एकटी जाऊ? तुमचे धंदे वेगळे, म्हणजे दोघांची उत्तरं मला माहीतच आहेत. तरी सांगा."

"गाइड घ्या," नुर्बू म्हणाला.

"एकट्या जा," निल्झा त्याच क्षणी म्हणाली.

अम्माने चष्मा वर सरकवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मी तुम्हाला मघापासून बघतेय," निल्झा म्हणाली. "विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तुम्ही चार दिवस लेहमध्ये स्वस्थ बसून काढलेत, म्हणालात. टायर स्वतः तपासता. ज्यांना माझी गरज असते ते पहिल्यांदा विचारतात की तिथे फोन लागतो का. तुम्ही विचारलंत की उतारावर सावली कुठे असते. तुम्हाला कशाला हवी मी पुढे?"

"वारी-लावर दिवसाला चार गाड्या जातात," नुर्बू म्हणाला. "काही झालं तर तास-तास कुणी येत नाही."

"नुर्बू-ले, रोज गाड्या तुम्हीच देता ना? तुमचाच तुमच्या रस्त्यांवर भरवसा नाही?"

"रस्त्यांवर आहे."

"मग?"

खडू उचलून त्याने फळ्यावर, आधीच लिहिलेलं अक्षर पुन्हा गिरवलं.

अम्मा मंगळवारी निघाली, एकटी. गुरुवारी दुपारी यायची होती. संध्याकाळ झाली, आली नाही. बाहेरचं तिचं सिमकार्ड लडाखमध्ये चालतच नव्हतं. शुक्रवारी सकाळी निल्झा दुकानावर पोचली तेव्हा नुर्बूची गाडी रस्त्यावर काढलेली होती. त्याचे डोळे जाग्रणाने लाल.

"मी म्हणाले होते ना जा म्हणून," तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मीच बोलले."

"ते नंतर बघू. दोघं बरोबर जाऊ."

"नको. एकच वाट, दोन टोकं. मी वारी-लाकडून जाते, तुम्ही खारदुंगकडून. मधल्या तांग्यार गावात भेटू. कुणीतरी एकाला ती सापडेलच."

"वारी-लावर पहाटे बर्फ पडलाय, निल्झा."

त्याने 'ले' लावलं नव्हतं. दोघांच्याही ते लक्षात आलं. ती हेल्मेट चढवत म्हणाली, "म्हणूनच तिकडून मी जातेय. तुम्ही खड्ड्यात पडता."

खिंडीत खरंच बर्फ होता, वीतभर. निल्झा दोन्ही पाय जमिनीला टेकवत, एकेक वळण मोजत चढली. प्रत्येक वळणावर ती आधी दरीत बघायची, मग रस्त्यावर. माथ्यावर पताका फडफडत होत्या आणि बर्फात एकाही चाकाची खूण नव्हती. उतारावर दोन याक रस्ता अडवून उभे होते, त्यांना तिने शिव्या दिल्या. दोन वाजता ती तांग्यारला उतरली आणि पहिल्याच घराच्या कठड्यावर एलिकुट्टी अम्मा ताक पीत बसलेली दिसली.

निल्झाने गाडी बंद केली. बराच वेळ ती खाली उतरलीच नाही.

"मोळे, मुली, तू?" अम्मा उठली. "अगं, आत म्हातारबाबांच्या पायावर उकळतं पाणी सांडलं. फोड फुटलेत. पट्टी दोन-तीन दिवस मीच बदलायला हवी, नाहीतर चिघळेल. एका ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवला होता की! पोचला नाही?"

"नाही पोचला," निल्झा म्हणाली. मग तिने अम्माला मिठी मारली आणि लगेच सोडून दिली.

नुर्बूला कळवायची काही सोय नव्हती. रेंज नाही. तो येईपर्यंत तासभर, दीड तास... ती गावाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. खाली जवाची शेतं, त्यांच्यामधून चढत येणारा रस्ता. त्या दीड तासात तिला पहिल्यांदाच कळलं की वाट बघण्याच्या बाजूला उभं राहणं कसं असतं. तिच्या घरचे दर आठवड्याला हेच करत असतील, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला तो मुळीच आवडला नाही.

मग धूळ दिसली. तो या रस्त्यावर चालवू नये इतक्या वेगाने येत होता. घरापाशी त्याने ब्रेक मारला, उतरला, स्टँड लावायचं विसरला. गाडी त्याच्यामागे धाडकन आडवी झाली, तरी त्याने वळून बघितलं नाही. अम्मा कठड्यावर समोरच बसली होती. पण त्याचे डोळे आधी निल्झाला शोधत होते. ती सापडली. त्याने एक श्वास सोडला, खूप आतून आलेला... मग त्याला अम्मा दिसली.

"ती तिथे आहे," निल्झा हळूच म्हणाली.

"हो... दिसली."

"हा मुलगा मलाच शोधायला आला होता ना?" अम्माने कठड्यावरून विचारलं. मग ती स्वतःच "पट्टी बदलायची वेळ झाली" असं पुटपुटत आत गेली.

दोघांनी मिळून गाडी उभी केली. क्लचची दांडी वाकली होती. तो ती सरळ करत बसला, आणि खाली मान घालूनच बोलायला लागला.

"मी पण आधी ग्रुप नेत होतो. चार वर्षांपूर्वी एकजण वळणावर मागे राहिला, मला कळलंच नाही. तीन तासांनी सापडला. खांद्याचं हाड मोडलेलं. आता ठणठणीत आहे, लोसारला नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवतो. पण मी ते काम सोडलं. पुढे असलं की मागे काय चाललंय ते कळत नाही."

"आणि मग एकट्यांना गाड्या द्यायला लागलात. तिथे तर काहीच कळत नाही!"

"हो," तो म्हणाला. "ते पहिली गाडी दिल्यावर लक्षात आलं."

निल्झा हसली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तो आधी रागावला, मग तोही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्याने बाहीने पुसले.

"माझ्यासाठी पण घाबरला होतास?" तिने विचारलं.

'तुम्ही' कुठे गेलं, हे त्याने विचारलं नाही.

"तुझ्यासाठी जास्त," तो म्हणाला. "तिला मी चारच दिवस ओळखतो."

पुढे काही फार घडलं नाही. अम्मा सोमवारी परतली, एकटीच, आणि दोघांच्याही गालांवर थाप मारून घरी गेली. ऑगस्ट गेला. निल्झा ग्रुप नेत राहिली, नुर्बू किल्ल्या देत राहिला. मामा आता त्याला दुकानाबाहेरून 'जुले' म्हणून नमस्कार करू लागले होते, आत मात्र जात नव्हते. सप्टेंबरअखेर पॉप्लरची झाडं पिवळी झाली आणि प्रवासी संपले.

हंगाम संपला की निल्झा दरवर्षी आठ दिवस एकटी फिरायला जायची. कुठे, ते कुणालाच सांगायची नाही, मामांनासुद्धा नाही. वर्षभर सात-सात माणसं पाठीशी घेऊन चालवल्यावर तिला ते आठ दिवस हवे असत. ती निघाली त्या सकाळी नुर्बू भेटायला आला. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं. तिने सामान बांधलं. त्याने दोरीला हातही लावला नाही.

"काही विचारायचंय?" ती म्हणाली.

"नाही."

"विचारलंस तर सांगेन."

"माहीत आहे. म्हणूनच विचारत नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हे न विचारणं त्याला किती जड जात होतं, ते तिच्याइतकं आता कुणाला कळणार? तिने हातमोजा काढला, त्याच्या गार गालाला एकदा बोटं लावली, आणि गेली.

सहाव्या दिवशी दुपारी तो दुकानाच्या छपरावर हिवाळ्यासाठी लाकडं रचत होता. खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. तो एक ओंडका हातात घेऊनच शिडी उतरला.

"सहाच दिवस झाले," तो म्हणाला.

"मोजत होतास?"

"हो."

"शोधायला आला नाहीस."

"कारू गावापर्यंत आलो होतो. चहा प्यायलो. परत फिरलो." त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाडी बिघडली का?"

"नाही."

"तब्येत?"

"छान आहे." निल्झाने हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते, ओठ उलले होते. "कंटाळा आला."

"तुला? एकटीला?"

"काल हान्लेला सकाळी तंबूतून बाहेर आले. आभाळ असं होतं, की... वाटलं, हे कुणालातरी दाखवावं. पूर्वी असं कधी वाटलं नव्हतं. मला रागच आला. तासभर थांबले, ते वाटणं जातंय का बघायला." तिने हेल्मेट आरशाला अडकवलं. "नाही गेलं."

नुर्बूच्या हातात ओंडका तसाच होता. तो काहीतरी बोलायला गेला, ते जमलं नाही, पुन्हा गेला. "पुढच्या वर्षी... तू म्हणालीस तर... आपण—"

"पुढच्या वर्षी कशाला? माझे अजून दोन दिवस शिल्लक आहेत."

त्याने ओंडका खाली ठेवला. आपल्या बुलेटकडे निघाला, थांबला, मागे वळला, आणि ओठांवर आलेलं गिळून टाकलं.

"विचार," निल्झा म्हणाली.

"कुठे जायचं?"

"अजून ठरवलेलं नाही," ती म्हणाली आणि त्याची बुलेट बाहेर निघावी म्हणून तिने आपली गाडी जरा बाजूला घेतली.