तीन रोपं आणि अडतीस अंश

२०६१चा मे महिना. यावलमध्ये पारा सेहेचाळीसवर गेला आणि माझ्या भाचीची, हर्षालीची, वांग्याची नऊ रोपं संध्याकाळपर्यंत करपली. त्याच वाफ्यातली माझी साधी रोपं मात्र मजेत उभी. माती तीच, पाणी तेच. मीच काहीतरी लबाडी केली, असं तिने मला तोंडावर सांगितलं.

तिची रोपं साधी नव्हती. भरताच्या एका जुन्या वाणाचं बी बारा दाण्यांवर आलं होतं आणि ते आम्ही घरच्यांनी तिच्या हवाली केलं होतं. तिने जपलं तरी किती! आमच्याकडे उन्हात निघताना ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, तसा तिने रोपांच्या ट्रेमध्येही ठेवला. शिवाय महिनाभर ट्रे गार खोलीत. माझा ट्रे ओट्यावर रोज तासभर ऊन खात होता. आता वाफ्यात न मावलेली तीनच रोपं तिच्याकडे उरली होती.

मी वनस्पतींच्या पेशींवर काम करते. दोन्हीकडची पानं पेशीदर्शकाखाली (जिवंत पेशीच्या आतलं दाखवणारं यंत्र) धरली आणि तिला बघायला लावलं. पेशीतली बहुतेक कामं प्रथिनं करतात. प्रथिन म्हणजे लांब साखळी; ठरावीक घडीत असली तरच ती कामाची. उष्णतेने घड्या सुटतात, सुटलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा गोळा होतो. उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग परत पातळ होत नाही, तसंच. हर्षालीच्या पानात असे गोळेच गोळे होते.

माझ्या पानातही घड्या सुटत होत्या, पण तिथे मदतनीस हजर होते: उष्णताघात प्रथिनं (ऊन वाढलं की पेशी मुद्दाम बनवते ती). ती सुटणाऱ्या साखळीला धरतात, चिकटू देत नाहीत, पुन्हा घडी घालायला मदत करतात. आधी थोडं थोडं ऊन लागलं की पेशी त्यांचा साठा करते. एकदम सेहेचाळीस अंश अंगावर आले तर तेवढी सवडच मिळत नाही.

हर्षालीने पेशीदर्शकावरचा डोळा काढला. मग म्हणाली, "म्हणजे मीच मारलं त्यांना."

मी हो म्हणाले. खोटं बोलून काय उपयोग?

उरलेली तीन गेली तर वाण संपला, हे दोघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या सकाळी तिने स्वतः ट्रे अडतीस अंशांच्या उन्हात ठेवला आणि तासभर घड्याळ बघत उभी राहिली. पानांनी मान टाकली तशी ती रडायला लागली, पण ट्रे काही हलवला नाही. दुपारी सावलीत पानं सावरली. असं आठ दिवस, रोज थोडं जास्त ऊन. मग लावणी. पारा पुन्हा सेहेचाळीसवर गेला. संध्याकाळी तिन्ही रोपं उभी होती. एकाचं खालचं पान तेवढं गेलं.

"आत्या, ह्यांच्या बियांच्याही हे ऊन लक्षात राहील का?"

अजून कोणालाच नीट माहीत नाही, असं मी सांगितलं.

"मग मी बघते," ती म्हणाली आणि तिन्ही रोपांना नंबर द्यायला बसली.