फाइलच तेवढी का अडते?

फोन उचलताच पलीकडची बाई ओरडली, "तुमच्या लाइनमनने तिसऱ्यांदा तार बदलली! पुन्हा तेच!"

इंटरनेट कंपनीच्या तक्रार-टेबलावरच्या वहिनींनी फोन कानापासून जरा लांब धरला. तिथल्या इंजिनिअरच्या त्या सख्ख्या वहिनी, म्हणून साऱ्या ऑफिसच्याच वहिनी झाल्या होत्या.

मागून मालक कडाडले, "संध्याकाळपर्यंत बिघाड सापडला नाही, तर लाइनमनला कायमचा घरी बसवतो!"

लाइनमन शिडीला टेकून उभा होता. "वहिनी, जोड पक्के आहेत हो. पोरांची शपथ."

शपथ घेणारा माणूस एक तर खोटारडा असतो, नाहीतर त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नसतं. याच्या बोटांना तारांच्या जखमा होत्या. वहिनींनी पर्स उचलली. "चल. शिडी राहू दे."

तक्रार करणारी बाई अंधांसाठी बोलकी पुस्तकं रेकॉर्ड करत असे. खोलीच्या भिंतींना गाद्या टांगलेल्या.

"नेमकं काय अडतं?"

"आम्ही पाच जणी पाच गावांतून वाचतो. रेकॉर्डिंग एकमेकींच्या कॉम्प्युटरवरून थेट घेतो, तुकड्यातुकड्यांनी. फाइल शेअरिंग. तेच सरकत नाही."

"एखादा सिनेमा लावा बघू."

सिनेमा कुठे अडखळला नाही. वेग मोजला, तो पुरेपूर भरला. तेच रेकॉर्डिंग एका वेबसाइटवर चढवलं, भुर्रकन चढलं. पुन्हा शेअरिंग लावलं, आणि गोगलगाय.

वहिनी लाइनमनकडे वळल्या. "तुझी तार भलतीच हुशार रे. फाइलची जात ओळखते."

तो हसला नाही.

परतताना धाकट्या जावेचा फोन आला. "जाऊबाई, संध्याकाळी येता का? पोरांनी शेअरिंगवरून कार्टूनची अख्खी मालिका उतरवलीय, कुकरची शिट्टी व्हायच्या आत!"

"हं," वहिनी म्हणाल्या, आणि ऑफिसकडे भराभर चालू लागल्या.

मालकांच्या खोलीत त्यांनी दार लोटून घेतलं.

"सगळ्यांचं इंटरनेट जिथून सुटतं, त्या आपल्या मशीनमध्ये शेअरिंग अडवायचा नियम तुम्ही घातलात?"

"मी? मला त्या मशीनचं बटणही सापडत नाही. आमच्याच घरी चिरंजीव बोंबलतायत, शेअरिंगवरून गाणी उतरत नाहीत म्हणून. लाइनमनला दोनदा झापलं मी!"

"पासवर्ड कोणाकडे?"

"माझ्याकडे. आणि तुमच्या दिराकडे."

इंजिनिअरला आत बोलावलं. लाइनमनही दाराशी येऊन उभा राहिला.

"भावजी, दोष कुठे आहे?"

"तारेत. किती वेळा सांगू?"

"तार खराब असती, तर सिनेमाही अडकला असता," वहिनी म्हणाल्या. "तारेला काय कळतं, कोणती फाइल आणि कोणता सिनेमा? म्हणजे अडवणूक मशीनमध्ये. पासवर्ड दोघांकडे. मालकांनी नियम घातला असता, तर आधी स्वतःचं घर मोकळं सोडलं असतं. चिरंजीवांची बोंब कशाला ऐकून घेतली असती? आणि तुमच्या घरी अख्खी मालिका शिट्टीच्या आत उतरते. आज सकाळचीच गोष्ट. तुमच्याच बायकोने सांगितली, बिचारीने कौतुकाने."

इंजिनिअर खाली बसला.

"मालकांनी वरच्या मोठ्या कंपनीकडून लाइन घेतली थोडी आणि गिऱ्हाईक जोडलं दुप्पट. मोठी लाइन घ्या म्हणून माझा घसा सुकला. संध्याकाळी सगळंच कोसळायला लागलं. म्हटलं, शेअरिंगवाल्यांना आवळू. चोरीचे सिनेमे उतरवतात लेकाचे, कोण तोंड वर करून तक्रार करणार?"

"चोर गप्पच बसले, भावजी. ओरडले ते स्वतःचं काम पाठवणारे. आणि हा तुमच्यासमोर शिव्या खात होता, तेव्हा तुम्हीही गप्प बसलात."

इंजिनिअरने लाइनमनकडे पाहिलं नाही.

मालक मात्र रागवायचे विसरले होते. "म्हणजे नवी लाइन न घेता भागतंय की! नियम राहू दे. फक्त गिऱ्हाइकांना काहीतरी दाखवायला हवं. लाइनमन बदलला, असं सांगू."

लाइनमनने खांबांवरच्या पेट्यांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. हळूच, आवाज न करता.

बाहेर फोन वाजला. मालक उठायच्या आत वहिनींनी उचलला. सकाळचीच बाई.

"सापडला का बिघाड?"

"सापडला. तार चांगली आहे, लाइनमनची काही चूक नाही. तुमची फाइल आम्हीच मुद्दाम हळू सोडतोय."

"वहिनी!" मालक किंचाळले.

पलीकडून प्रश्न आला, "हे मला लिहून द्याल?"

आज धाकट्या जावेच्या घरी कोणत्या तोंडाने जायचं, हे वहिनींना अजून सुचलेलं नव्हतं.

"देते," त्या म्हणाल्या. कोरा कागद त्यांनी दिरापुढे सरकवला. "लिहा, भावजी. लाइनमनची चूक नाही, हे आधी लिहा."

त्याने पेन उचललं.