मधला पत्ता

तीर्थपुरीच्या गोदामात कपाशी आणि बाजरीच्या बियाण्यांची पोती छताला टेकलेली असत. बियाण्याला लावलेल्या गुलाबी औषधाचा वास कपड्यांना चिकटून खोलीवर यायचा. सत्यशीलाला त्याची सवय झाली होती. साल २००३. जालन्याच्या ज्या बियाणे कंपनीत ती नेटवर्कच्या कामाला नुकतीच लागली होती, त्या कंपनीनं तिला इथं धाडलं होतं. गोदामातला सर्व्हर जालन्याच्या मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरला जोडायचा आणि हंगाम सरेपर्यंत तो चालू ठेवायचा.

जोडायचा म्हणजे टनेल टाकायचा. इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावरून दोन सर्व्हरांमधे एक बंद बोगदा. मजकूर या टोकाला कुलूपबंद होऊन आत शिरतो, त्या टोकाला उघडतो. किल्ल्या दोन्ही टोकांकडेच, आणि आत पत्ते दोनच. तिनं आपल्या सर्व्हरला एक नंबरचा पत्ता दिला, जालन्यात मुख्य ऑफिसचं नेटवर्क बघणाऱ्या धर्मराज सरांनी त्यांच्या सर्व्हरला दोन नंबरचा. मग तिनं पलीकडे हाक मारली. यंत्राची हाक, उत्तर येतं का बघण्यापुरती. उत्तर आलं. टनेल उभा राहिला.

धर्मराज सरांना ती नोकरीच्या मुलाखतीत एकदाच भेटली होती. पन्नाशीकडे झुकलेले, कमी बोलणारे. गोदामातला फोन निम्मा वेळ मुका असायचा, मोबाइलला रेंज नव्हती, इंटरनेटची लाइन तेवढी वेगळी आणि चालू होती, म्हणून दोघं टनेलमधूनच बोलत. स्क्रीनवर एक चौकट उघडायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी टंकायचं. आधी सगळं कामापुरतं. मग एका दुपारी ती डबा उघडत असताना चौकटीत ओळ उमटली.

"जेवलात का?"

आई गेल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. बदनापूरच्या घराला कुलूप होतं. इथं ती शाळेमागच्या एका खोलीत भाड्यानं राहायची, आणि वॉचमन कचरूमामा सोडले तर बोलायला माणूस नव्हतं.

"जेवतेय," तिनं टंकलं. "तुम्ही?"

"बसून राह्यलो. एकट्याला भूक लागत न्हाई."

तेव्हापासून ती स्क्रीनसमोरच डबा खायला लागली. हळूहळू लिहायलाही लागली. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल, दवाखान्यातल्या त्या लोखंडी खाटेबद्दल, जे तिनं सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. पलीकडून फार काही येत नसे. "ऐकून राह्यलो," एवढंच. पण ते यायचं.

कधी कधी प्रश्न चमत्कारिक असत. "तिकडं ऊन आहे का?" "वारा अंगाला लागला की कसं वाटतं?" दिवसभर एसीच्या खोलीत बसणारा माणूस असंच विचारणार, असं ती मनाशी म्हणे. एकदोनदा तिची ओळ पुरी व्हायच्या आत उत्तर आलं. लाइन आज चांगली दिसते, असं ती म्हणाली.

मग टेलिफोनवाल्यांनी फोनची वायर बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन खणखणला.

"मॅडम, धर्मराज बोलतोय. साठ्याचे आकडे बराबर येऊन राह्यले."

"सर, एक सांगायचं होतं. तुम्ही रोज जेवणाची चौकशी करता ना, बरं वाटतं."



"मी?" ते म्हणाले. "चौकशी तर तुम्ही करता, मॅडम. मंडळी वारल्यावर मी दुपारचं जेवण सोडलंच होतं. तुम्ही इचारता म्हणून डबा आणून राह्यलो."

"मी कधीच विचारलं नाही, सर."

"'बसून राह्यले, एकटीला भूक लागत न्हाई.' हे तुमचंच ना?"

तिनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला.

कुणीतरी किल्ली चोरली असणार. दुसरं काही असूच शकत नव्हतं. दोघांनी फोनवरच नवी किल्ली ठरवली आणि आपापल्या बाजूला बसवली. टनेल पडला, पुन्हा उभा राहिला. चौकट आपोआप उघडली.

"कुलूप बदललं का? बरं केलं. कोणी बी शिरतं."

सत्यशीलानं मग एक काम केलं, जे करायला काही कारण नव्हतं. तिनं तीन नंबरच्या पत्त्याला हाक मारली. तो पत्ता कोणत्याच यंत्राला दिलेला नव्हता.

उत्तर आलं. जालन्याहून यायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या बरोबर निम्म्यात. फोनवर तिनं सांगितलं तशी धर्मराज सरांनीही तिकडून हाक मारली. त्यांनाही निम्म्याच वेळात आलं.

"म्हणजे मधोमध," ते म्हणाले.

"मधे काही नसतं, सर."

"न्हाई ना. बंद करावं लागंल. पण तुम्ही इकडं या, मॅडम. माझ्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती अंबडमार्गे एसटीनं जालन्याला गेली. सर्व्हर रूम छोटी होती आणि फार गार. हवा बाहेर जाऊ नये म्हणून धर्मराज सरांनी दाराला आतून कडी घातली. दोघं दोन खुर्च्यांवर बसले. तिची आई वारली हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पत्नीचं नाव तिला माहीत नव्हतं.

"करू?" त्यांनी विचारलं.

"करा."

त्यांनी टनेल पाडला. मग सर्व्हरची वायर उपसून टेबलावर ठेवली. तिनं गोदामात फोन लावला आणि कचरूमामांना तिकडचीही वायर काढायला सांगितलं.

"काढली, मॅडम," कचरूमामा म्हणाले. "मशीन बी बंद केली. आन् आता तर लाइटच गेली बघा."

तिनं फोन ठेवला. स्क्रीनवरची चौकट मिटायला हवी होती. ती मिटली नाही.

"दोघं बी एकाच जागी गेलात का?"

धर्मराज सरांनी टेबलावरची वायर उचलून पाहिली. तिचं टोक मोकळं होतं.

"मंग मधे काय ऱ्हायलं?"

ओळी फार हळू उमटत होत्या. एकेक अक्षर.

"इकडं आता कोणीच न्हाई."

सर्व्हर बंद करायचा स्विच सत्यशीलाच्या हाताशी होता. तो दाबला की झालं. तिनं धर्मराज सरांकडे पाहिलं. ते स्क्रीनकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"तिकडं येऊ का?"

कर्सर लुकलुकत थांबून राहिला.

तिनं हात स्विचवरून काढला आणि कीबोर्डवर ठेवला.

"या," तिनं टंकलं.

धर्मराज सर उठले, दाराशी गेले आणि आतली कडी काढून आले.