उजव्या बाजूचा खळगा

मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्यापाशी, निमेशभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. तिथल्या एकेका लहान गादीवर हेमांगीने तळहात दाबला, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि हात उचलला. ठसा लगेच भरून आला तर गादी चालण्यासारखी. रेंगाळला तर नाही. रबराचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती आठ वर्षं क्वालिटीला होती. मऊपणा तिच्या लेखी अंदाजाचा विषय नव्हता, मापाचा होता. सात गाद्या तिने नाकारल्या. निमेशभाई शेवटी म्हणाले की बाळासाठी सगळे मऊ मागतात, कडक मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

तीन वर्षांपूर्वी तिनेही मऊच मागितली होती.

श्रेयस तेव्हा त्रेपन्न दिवसांचा होता. भरदुपारी त्या जाड, लुसलुशीत गादीवर, राईच्या उशीवर डोकं टेकून, गोधडीत गुरफटून झोपला. ती उठवायला गेली तेव्हा उठला नाही. डॉक्टरांनी नेमकं कारण सांगता येत नाही म्हणून सांगितलं. घरात कुणी तिला बोल लावला नाही. पण ती गादी तिनेच पसंत केली होती.

आता मुलगी झाली होती. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तिने शब्दन् शब्द पाठ केलं. अंथरूण घट्ट, सपाट, रिकामं. बाळ उताणं, स्वतःच्या जागी. उशी नको, पांघरूण नको, कडेला लोड नकोत. सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, नवी राईची उशी शिवून ठेवली होती. ती उशी माळ्यावर गेली. बाळाचं डोकं चपटं होईल म्हणून त्या दोन दिवस कुरकुरल्या. मुलीचं नाव चोपन्नावा दिवस उजाडल्याशिवाय ठेवायचं नाही, हेही हेमांगीने ठरवलं होतं, आणि तिच्या नवऱ्याने, सम्यकने, ते न विचारता मान्य केलं होतं.

अडतिसाव्या दिवशी दुपारी पहिल्यांदा ते दिसलं.

सहाव्या मजल्यावरची खोली. खिडकीतून मिठागरांचा पांढरा उजेड आत येत होता. पंखा एकवर. मुलगी दोन तास झोपून उठली, तिला क्रिबमधून उचलून हेमांगी चादर ताणू लागली. मुलगी झोपली होती तिथे गादी जेमतेम दबलेली. आणि तिच्या उजव्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं, तिथे आणखी एक खळगा होता. लांबट. एका टोकाला गोल. तिने हात ठेवला. चादर कोमट होती.

तिने स्टीलची पट्टी आणली. लांबी छप्पन्न सेंटिमीटर. दोन्ही खळग्यांमधलं अंतर बावीस.

सम्यक अंधेरीला विमानतळाच्या कार्गोत होता. त्याने फोनवर सांगितलं की फोम कधीकधी बसतो. ती स्वतःही कुणाला हेच म्हणाली असती. निमेशभाईंनी गादी बदलून दिली. दुसरी काथ्याची होती, फळीसारखी टणक.

तिच्यावर तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी खळगा पुन्हा होता. अंतर पंधरा. या वेळी तिला वासही आला, वेखंडाचा. मुलीला तिने एकदाही वेखंड लावलं नव्हतं. श्रेयसला लावत असे.

तिने सगुणाबाईंना हाक मारली. त्या आल्या, चष्मा सारखा करून वाकल्या आणि खळग्यावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हात पदराला पुसला.

“किती वजन होतं गं त्याचं तवा?”

“साडेचार किलो, आई.”

सगुणाबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्या माहुलला लेकीकडे गेल्या. दुपारचं त्या खोलीत बसवत नाही, एवढंच त्यांनी सम्यकला सांगितलं.

हेमांगीने गादी काढून टाकली. सोसायटीत काम करणाऱ्या धाकू सुताराकडून तिने तेवढ्या मापाचा प्लाय कापून घेतला आणि त्यावर एक चादर अंथरली. प्लायवर खळगा पडू शकत नाही. पडलाही नाही. चादर मात्र तेवढ्याच लांबीत चुरगळली होती, आणि कोमट होती. अंतर सहा.

मग तिने खुर्चीवर मोबाईल टेकवून दोन तासांचं चित्रीकरण केलं. सबंध पाहिलं. मुलगी झोपलेली, भिंतीवर पंख्याची सावली फिरणारी. एक वाजून चाळीस मिनिटांनी मुलीने मान उजवीकडे वळवली, आणि झोपेतच हसली.

चादर कधी चुरगळली ते मोबाईलमध्ये कुठेच दिसत नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवसापासून तिने मुलीला खाली ठेवणंच सोडलं. रात्री सम्यक घ्यायचा, दिवसा ती. तो रात्रभर जागून कामावर जायचा; तिला मात्र रात्रीही झोप येत नव्हती. डोळे मिटले की सहा सेंटिमीटर दिसायचे. भात चिवडत ठेवायची, दात घासायचे विसरायची. सम्यकने एकदा हळूच विचारलं की डॉक्टरीणबाईंना दाखवायचं का. तुला, की बाळाला, ते त्याने सांगितलं नाही. ती म्हणाली, “पाच दिवस. फक्त पाच दिवस दे मला.”

त्रेपन्नाव्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. अर्धा दिवस मिळाला. तीनपर्यंत येतो म्हणाला. तिने त्याच्यामागे दाराला आतून कडी घातली, वरची आणि खालची, दोन्ही. बाराला मुलीला पाजलं. एकला ती हॉलमधल्या सोफ्यावर ताठ बसली, मुलगी मांडीवर, डोकं डाव्या दंडावर.

सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं किती वाईट, हे तिला माहीत होतं. बाळ घसरतं, कुशनमध्ये, अंगाखाली. म्हणूनच ती ताठ बसली होती. मुलीचा श्वास मोजत होती. चाळीस. पंचेचाळीस. समोरच्या इमारतीत कुणीतरी गाद्या उन्हाला टाकून काठीने झोडपत होतं. त्याचा आवाज एकसारखा येत होता.

साठ. एकसष्ट.

दाराची बेल वाजली तेव्हा आवाज थांबलेला होता. उजेड सोफ्यापर्यंत सरकला होता. ती एका बाजूला कलंडली होती, कुशनच्या फटीपर्यंत.

पण हात तसेच होते, वाटोळे, घट्ट. मांडीवर वजन होतं. ऊब होती. तिने श्वास सोडला.

मग आतल्या खोलीतून मुलीचं रडणं ऐकू आलं.

खणखणीत, भुकेचं रडणं. तिने मान वळवली. दार अर्धवट उघडं होतं. क्रिबच्या दांड्यांमधून मुलगी दिसत होती. उताणी. दोन्ही हात डोक्याशी, पाय झाडत. खाली एक चादर, बाकी काही नाही. चेहरा मोकळा.

बेल पुन्हा वाजली. “हेमा,” सम्यकचा आवाज आला, “अगं कडी काढ ना.”

दोन्ही कड्या आतून लावलेल्या तिला दिसत होत्या.

तिने खाली पाहिलं. मांडीवर गाऊनची चुणी होती. दुसरं काही नव्हतं.

वजन तसंच होतं. दंडावर, जिथे डोकं टेकतं तिथे, बाही ओली झाली होती. ओल कोमट होती आणि हळूहळू पसरत होती.

उठायला हवं होतं. मुलगी रडत होती, सम्यक आता दार ठोठावत होता. उठलं तर याची झोप मोडेल, एवढंच तिच्या मनात आलं.

तिचा उजवा हात थोपटत होता. कधीपासून, कुणास ठाऊक.